पाटीवरच्या ३१७ गोळ्या आणि प्रगतीचा हिशेब

२७ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी इतिहासाबद्दल एक आदेश काढला. सरकारी स्मारकं आणि राष्ट्रीय उद्यानं यांतल्या ज्या मजकुरामुळे अमेरिकन माणसांना, मग ती हयात असोत वा इतिहासजमा, गैरवाजवी कमीपणा येतो तो तपासून बदलावा, आणि भर द्यावा तो अमेरिकन लोकांच्या कर्तृत्वावर आणि प्रगतीवर, असा त्याचा आशय. त्यावरून जो वाद पेटला तो दोन्ही बाजूंनी इतका वाईट लढवला जातोय की ऐकणाऱ्याने कंटाळून उठून जावं. एक बाजू म्हणते, गुलामगिरी संपली, कायदे बदलले, काळा माणूस दोनदा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला; आता किती दिवस तीच मढी उकरणार? दुसरी म्हणते, काही म्हणजे काही बदललेलं नाही, पूर्वी दोर होता, आता पोलिसाचं पिस्तूल आहे. पहिलीला आठवण नको, दुसरीला प्रगती कबूल करायची नाही. पण दोघींचं गृहीतक एकच आहे: आठवण आणि प्रगती या एकमेकींच्या सवती, एक घरात आली की दुसरीने बाहेर पडायचं.

हे गृहीतकच मला मान्य नाही. वांशिक संबंधांत अमेरिकेने मोठी मजल मारली आहे, आणि ती मारता आली याचं एक मुख्य कारण म्हणजे काही माणसांनी झालेले खून विसरायला साफ नकार दिला. शिवाय किती चाललो हे सांगायचं तर कुठून निघालो ती जागा दाखवता यावी लागते. प्रगतीचं नाव घेऊन जो पाटी काढायला सांगतो, तो स्वतःच्याच बाजूचा पुरावा पुसतो आहे.

पाटी हा शब्द मी उगाच वापरत नाही. मिसिसिपी राज्यात टॅलाहाची नावाची नदी आहे. तिच्या काठी ग्रॅबॉल लँडिंग म्हणून एक जागा आहे, आणि १९५५ साली खून झालेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा मृतदेह तिथे पाण्यातून वर काढला असं मानलं जातं. २००८ मध्ये तिथे पहिली पाटी लागली. ती कुणीतरी उपटून नेली. दुसरी लावली, तिच्यावर लोक बंदुकीचा सराव करत राहिले. ती उतरवली तेव्हा तिच्यावर ३१७ गोळ्यांची भोकं होती. तिसरी २०१८ च्या जूनमध्ये लागली, तिला महिना-सव्वा महिन्यात गोळ्या लागल्या. पुढे तिच्याशेजारी बंदुका घेऊन हसत उभ्या राहिलेल्या तीन गोऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांचा फोटो बाहेर आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये चौथी पाटी बसवली. ही पोलादाची आहे, गोळी न भेदू शकणारी, वजन पाचशे पौंडांच्या वर, म्हणजे सव्वादोनशे किलोहून जास्त. मेलेल्या पोराबद्दलच्या चार ओळी वाचता याव्यात म्हणून रणगाड्याला शोभेल असं चिलखत घालावं लागलं.

‘मढी उकरू नका’ म्हणणाऱ्यांना मी हेच विचारतो. प्रकरण खरोखर जुनं, संपलेलं, कुणाला काही न वाटणारं असेल, तर त्या आडरानातल्या पाटीवर गोळ्या झाडायला माणसं गाडी काढून जातात कशाला? विसरलेल्या गोष्टीवर कुणी काडतुसं वाया घालवतं का?

पण ‘काहीच बदललं नाही’ म्हणणाऱ्यांनीही त्याच पाटीकडे नीट पाहावं. ती लावली कोणी? २००६ साली टॅलाहाची काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, काळ्या-गोऱ्या सदस्यांची मिळून एक समिती नेमली. तिच्यामागे होते जेरोम लिटल, त्या काउंटीच्या कारभारी मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. २ ऑक्टोबर २००७ रोजी सम्नर गावातल्या ज्या न्यायालयात टिलच्या मारेकऱ्यांची निर्दोष सुटका झाली होती, त्याच इमारतीसमोर काउंटीच्या वतीने टिल कुटुंबाची जाहीर माफी मागितली गेली. हे १९५५ मध्ये कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का? तेव्हा त्या काउंटीत काळ्या लोकांची बहुसंख्या होती आणि मतदार यादीत त्यांचं एकही नाव नव्हतं. ज्युरी निवडायची ती मतदार यादीतून. म्हणजे ज्युरी कोणत्या रंगाची असणार हे खटला उभा राहण्याआधीच ठरलेलं. बायकांना तर मिसिसिपीत १९६८ पर्यंत ज्युरीत बसताच येत नव्हतं. बारा गोरे पुरुष आत गेले आणि ६७ मिनिटांत बाहेर आले. त्यातला एकजण म्हणाला की थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता.

प्रकरण थोडक्यात असं. शिकागोचा हा मुलगा उन्हाळ्याच्या सुटीत मिसिसिपीतल्या मनी या खेड्यात आजोळच्या नातेवाइकांकडे आला होता. तिथल्या दुकानात मालकाच्या बायकोशी तो काहीतरी बोलला किंवा त्याने शीळ घातली, असा आरोप. २८ ऑगस्ट १९५५ च्या मध्यरात्रीनंतर दुकानदार रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी त्याला अंथरुणातून उचलून नेलं. तीन दिवसांनी प्रेत नदीत सापडलं, गळ्यात काटेरी तारेने कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्राचा अवजड पंखा बांधलेला. चेहरा ओळखू येत नव्हता. बोटातल्या अंगठीवरून ओळख पटली. ती अंगठी त्याच्या वडिलांची.

पुढचा भाग आपल्या वादाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच घाईघाईत सांगितला जातो. स्थानिक शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, ते प्रेत तिथल्या तिथे, त्याच दिवशी पुरून टाकायचं होतं. मनी गावात खड्डा खणूनसुद्धा तयार होता. नातेवाइकांनी अडवलं, शिकागोला फोन गेला, आणि पेटी उघडायची नाही या अटीवर प्रेत पाठवण्यात आलं. आई मेमी टिल यांनी पेटी उघडली. उघडली ती उघडीच ठेवली. हजारो लोक रांग लावून त्या चेहऱ्यासमोरून गेले, ‘जेट’ साप्ताहिकाने फोटो छापला. नोव्हेंबरच्या अखेरीस अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात टी. आर. एम. हॉवर्ड या डॉक्टरांनी एका चर्चमध्ये टिल प्रकरणावर भाषण केलं. चर्चचे पाद्री होते मार्टिन ल्यूथर किंग, वय २६. ऐकणाऱ्यांत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या, रोझा पार्क्स. त्यानंतर चार दिवसांनी, १ डिसेंबर १९५५ रोजी, त्यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला. तेव्हा मनात एमेट टिल होता असं त्यांनी पुढे सांगितलं. आठ वर्षांनी किंग यांनी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोकांपुढे आपलं प्रसिद्ध भाषण केलं ती तारीखही २८ ऑगस्टच.

आता कल्पना करा की शेरीफचं ऐकलं गेलं असतं. मनीच्या मातीत आणखी एक खड्डा, आणखी एक नाव. जी प्रगती दाखवून आज ‘विसरा’ म्हणतात, तिची सुरुवातच मुळी एका आईने विसरू न देण्यातून झाली. खड्डा तयार ठेवणारा शेरीफही शांततेच्याच गोष्टी करत होता, हे ध्यानात असू द्यावं.

तरीही समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. तो असा: समाजाला एकत्र नांदायचं असेल तर कधीकधी विसरावं लागतं, आणि इतिहासात हे जमलेलं आहे. इसवी सनापूर्वी ४०३ मध्ये अथेन्सने तीस जुलमी सत्ताधीशांची राजवट उलथल्यावर जुने अपराध काढायचे नाहीत अशी नागरिकांना शपथ घ्यायला लावली, आणि तिथली लोकशाही टिकली. हुकूमशहा फ्रँको गेल्यावर स्पेनने १९७७ मध्ये सरसकट माफीचा कायदा केला, दोन्ही बाजूंनी तोंड मिटून घेतलं, आणि नवी यादवी न होता लोकशाही आली. हे खरं आहे. मी ते मान्य करतो, आणि त्या घडीला ते शहाणपणाचं होतं हेही मान्य करतो.

पण ही उदाहरणं यादवीची आहेत. दोन्हीकडे हत्यारं होती, दोन्हीकडे मेले, दोन्हीकडे मारणारे होते. विसरण्याचा करार दोघांनी केला. मिसिसिपीत झुंडीने झाडाला टांगलेल्या माणसाने कुणाशी करार करायचा होता? एकाने मारायचं, दुसऱ्याने मरायचं, आणि नंतर दोघांनी मिळून विसरायचं, ही तडजोड नाही, दुसऱ्यांदा केलेली वसुली आहे. आणि स्पेनचंही तिथेच थांबलं नाही. तीस वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच देशाला स्मृतीविषयी कायदा करावा लागला, कारण नातवंडं रस्त्याकडेच्या चरांमध्ये आजोबांची हाडं शोधत होती.

अमेरिकेने विसरण्याचा प्रयोग स्वतःही करून पाहिला आहे. जुलै १९१३ मध्ये यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षं झाली म्हणून उत्तर आणि दक्षिणेचे पन्नास हजारांवर म्हातारे सैनिक त्या मैदानावर जमले. ज्या दगडी भिंतीवर एकमेकांना भोसकलं होतं तिच्यावरून त्यांनी हात मिळवले. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी भाषण केलं, भांडण मिटलं, विसरलं गेलं म्हणाले. डोळ्यांत पाणी यावं असाच तो प्रसंग. फक्त ते भांडण ज्याच्यावरून झालं, त्या गुलामगिरीचं काय हे कुणी काढलं नाही, आणि त्याच वर्षी विल्सन यांच्या सरकारने वॉशिंग्टनच्या टपाल आणि अर्थखात्याच्या कचेऱ्यांत काळ्या कारकुनांना गोऱ्यांपासून वेगळं बसवायला सुरुवात केली. गोऱ्या उत्तरेचा आणि गोऱ्या दक्षिणेचा समेट झाला. त्याचं बिल तिसऱ्याच्या नावावर फाडलं गेलं.

शिवाय ‘विसरणं’ म्हणजे कोरी जागा, हा समजच भाबडा आहे. जागा कोरी राहत नाही. लुइझियाना राज्यातलं कोलफॅक्स गाव घ्या. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने तिथल्या कचेरीत आश्रय घेतलेल्या काळ्या लोकांवर हल्ला केला. मेलेल्यांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो; कित्येकांना शरण आल्यावर मारलं. तिघांना शिक्षा झाली तीही सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये रद्द केली. मग गाव विसरलं का? छे! १९२१ मध्ये तिथल्या दफनभूमीत एक उंच संगमरवरी खांब उभा राहिला, मेलेल्या तीन गोऱ्या ‘वीरां’साठी, आणि ते गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढता लढता पडले असं त्यावर चक्क कोरलं. १९५० मध्ये राज्य सरकारने पाटी लावली, तिच्यावर या कत्तलीला ‘दंगल’ म्हटलं आणि तिच्यामुळे दक्षिणेतला उपऱ्यांचा गैरकारभार संपला असं प्रशस्तिपत्रही दिलं. ती पाटी २०२१ च्या मे महिन्यापर्यंत उभी होती. मारल्या गेलेल्यांची नावं कोरलेला दगड तिथे बसायला २०२३ उजाडावं लागलं. म्हणजे दीडशे वर्षं कोलफॅक्समध्ये आठवण होतीच. फक्त ती मारणाऱ्यांची होती.

मराठी वाचकाने या सालापाशी थोडं थांबावं. याच १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं. त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवलं, आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, अशा भावनेने. फुल्यांनी ज्यांना वंदन केलं ती माणसं खरी होती, तो पराक्रमही खरा होता. आणि त्याच वर्षाच्या वसंतात कोलफॅक्समध्ये तो पराक्रम पुसायला सुरुवात झाली होती. दोन्ही एकाच वेळी खरं. प्रगती एकदा मिळाली की खिशात राहते असं नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं दिसणार?

टिलच्या बाबतीतही रिकामी जागा मारेकऱ्यांनीच भरली. सुटल्यावर एकाच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला होत नाही हे कळताच ब्रायंट आणि मायलम यांनी जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ पाक्षिकाला पैसे घेऊन कबुली दिली. चार हजार डॉलरला. त्या कबुलीत इतर साथीदार वगळले होते, खून झाला त्या कोठाराची जागा गायब होती, आणि मेलेला मुलगा उद्धट, शेवटपर्यंत आव्हान देणारा रंगवला होता. पुढची कित्येक दशकं अमेरिकेने टिलची गोष्ट सांगितली ती बरीचशी याच कबुलीवरून, म्हणजे खुन्यांच्या तोंडून. विली रीड नावाच्या अठरा वर्षांच्या शेतमजूर मुलाने कोठारातून आलेला आवाज ऐकला होता आणि कोर्टात तसं सांगितलंही होतं. त्याला शिकागोला पळून जाऊन नाव बदलून राहावं लागलं. कुणाची साक्ष इतिहास झाली आणि कुणाची अडगळीत गेली, बघा.

ओक्लाहोमातल्या टल्साची गोष्ट मी सविस्तर सांगत नाही, ती अलीकडे बऱ्याच जणांना माहीत झाली आहे. १९२१ मध्ये ग्रीनवुड नावाची काळ्यांची भरभराटलेली वस्ती, पस्तीस चौक, जाळली गेली, आणि ज्या वृत्तपत्राच्या बातमीने आग लावली त्याच्या बांधीव फायलीतून नेमका तोच मजकूर फाडलेला सापडला. एक गंमत मात्र सांगायलाच हवी. शहरातल्या ब्रेडी रस्त्याचं नाव कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेशी संबंध असलेल्या एका संस्थापकावरून होतं. त्यावर आक्षेप आला तेव्हा २०१३ मध्ये नगर परिषदेने तोडगा काढला: नाव ब्रेडीच ठेवायचं, पण आता ते मॅथ्यू ब्रेडी या छायाचित्रकारासाठी आहे असं समजायचं. या छायाचित्रकाराचा टल्साशी काडीचा संबंध नव्हता. आपल्याकडच्या नगरपालिकांनाही इतकं सुचलं नसतं.

आता दुसरा आक्षेप, आणि हा मला अधिक अस्वस्थ करतो. आज शाळेत बसलेल्या गोऱ्या मुलाने काय केलं? पणजोबांच्या पापाचं ओझं त्याच्या दप्तरात का? काळ्या मुलालाही रोज ‘तू बळी आहेस’ असंच ऐकवायचं का? या आक्षेपात दम आहे. काही कचेऱ्यांतल्या आणि शाळांतल्या प्रशिक्षणवर्गांत रंगावरून माणसं उभी करून कबुलीजबाब घ्यायचे जे प्रकार झाले ते बावळटपणाचे होते, आणि त्यांनी या कामाचं नुकसानच केलं. अपराधीपणा वारशाने येत नाही.

पण माहिती वारशाने यायला हरकत काय? टिलची गोष्ट नीट सांगितली तर मुलाला फक्त ब्रायंट आणि मायलमच भेटतात असं कोण म्हणतं? त्याच खटल्यात टिलच्या आईच्या मावशीचे यजमान, मोझ राइट, वय ६४, साक्षीला उभे राहिले आणि भरल्या कोर्टात बोट दाखवून मायलमला ओळखलं. मिसिसिपीत काळ्या माणसाने गोऱ्यावर उघड आरोप करणं म्हणजे काय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. साक्ष झाल्यावर त्यांनी राज्य सोडलं. गोऱ्या मुलाला तुझे पूर्वज म्हणजे ती ज्युरी असं कुणी सांगत असेल तर ते चूकच. पण त्याला मोझ राइट यांची गोष्ट ‘आपली’ म्हणून घ्यायला कोण अडवतंय? उलट ज्या घरात हा धडा नको म्हणून हट्ट धरला जातो, तिथेच मुलाला नकळत सांगितलं जातं की तू त्या ज्युरीच्या बाजूचा आहेस. नाहीतर धड्यातल्या ज्युरीचा अपमान झाला म्हणून आपल्याला का झोंबावं?

आणि इतिहास उगाळू नका हे दक्षिणेने सांगणं तर फारच झालं. सम्नरच्या त्याच न्यायालयाच्या आवारात दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा आजही आहे. असे पुतळे गावोगावच्या न्यायालयांसमोर उभे केले तेव्हा युद्ध संपून पन्नास-पन्नास वर्षं झाली होती. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा आपला पराभव दगडात जपायचा आणि सत्तर वर्षांपूर्वीचा खून ‘आता जुना झाला’.

वाईट आठवणही असते, हे मात्र कबूल. मनी गावातलं ब्रायंटचं दुकान आज कोसळलंय, भिंतींवर वेली चढल्यात. त्याच्याच शेजारचा जुना पेट्रोलपंप मात्र चकाचक आहे. २०११ मध्ये नागरी हक्कांच्या वारशासाठी राखलेल्या निधीतून दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम त्याच्या डागडुजीला मिळाली. पंपाचा टिल प्रकरणाशी संबंध एवढाच की तो शेजारी आहे. दोन्ही जागा ज्युरीतल्या एका सदस्याच्या वारसांच्या हातात. तिथे जाणाऱ्याला जुन्या काळच्या खेड्याचा गोड देखावा दिसतो आणि खुनाचं निमित्त झालेली जागा झाडोऱ्यात. अशा स्मरणापेक्षा ते पैसे वाचवले असते तर बरं. म्हणूनच मी म्हणतो, आठवण ठेवायची ती भावनेच्या भरात किंवा पर्यटनासाठी नको. नाव, जागा, तारीख, कोणी केलं, कोणी सोडलं, कोण बोललं. खतावणीसारखी.

खतावणी म्हटलं की जमेची बाजूही लिहावीच लागते, आणि इथे ‘काहीच बदललं नाही’ म्हणणारे मला निराश करतात. १९६४ मध्ये मिसिसिपीतल्या मतदानाच्या वयाच्या काळ्या लोकांपैकी ६.७ टक्के यादीत होते. १९६५ चा मताधिकार कायदा झाला आणि १९६७ पर्यंत हा आकडा जवळपास ६० टक्क्यांवर गेला. गॅलप या संस्थेच्या पाहणीत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला १९५८ मध्ये ४ टक्के अमेरिकन अनुकूल होते, २०२१ मध्ये ९४ टक्के. नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांचा १९६३ मध्ये खून करणाऱ्याला तीन दशकं या गुन्ह्याची शिक्षा झाली नाही, पण १९९४ मध्ये मिसिसिपीतच त्याला शिक्षा झाली. हे सगळं ‘काही नाही’? मग ज्यांनी यासाठी तुरुंग भोगले, कुत्रे अंगावर घेतले, जीव दिला, त्यांनी आयुष्य कशात घातलं?

फेब्रुवारी २०२० मध्ये जॉर्जिया राज्यात अहमद आर्बरी हा पंचवीस वर्षांचा तरुण धावायला गेला असताना तीन गोऱ्यांनी गाड्यांतून पाठलाग करून त्याला मारलं. ७४ दिवस कुणालाही अटक नाही. मग गुन्ह्याची चित्रफीत बाहेर आली आणि दोन दिवसांत त्यांतल्या दोघांना बेड्या पडल्या. ज्युरीत अकरा गोरे आणि एक काळा. वाचताना सगळ्यांना सम्नर आठवलं असणार. त्या ज्युरीने तिघांनाही दोषी ठरवलं. आता या प्रकरणातून काय काढायचं? ज्याला ‘काही बदललं नाही’ म्हणायचंय त्याने अकरा गोऱ्यांचा निकाल वाचावा. ज्याला ‘सगळं झालं’ म्हणायचंय त्याने ते ७४ दिवस मोजावेत. चित्रफीत नसती तर? १९५५ ची ६७ मिनिटं कुणाला माहीत नसतील तर या निकालाचं मोल तरी त्याला कसं कळावं?

शिवाय मागे जाणं शक्य असतं. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे मिसिसिपीतून सिनेटवर गेलेले पहिले कृष्णवर्णीय. १८७५ मध्ये ब्लांच ब्रूस गेले. त्यांच्यानंतर त्या राज्यातून आजवर एकही नाही. १८९० मध्ये नवी राज्यघटना करून, परीक्षा आणि कर लावून, काळ्यांची मतं काढून घेतली गेली. १८७५ साली कुणी मिसिसिपीत उभं राहून ‘प्रगती झाली, आता जुनं काढू नका’ म्हणालं असतं तर ते किती पटलं असतं!

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींकडून मी हमखास ऐकतो ते वाक्य असं: आम्ही आलो तेव्हा गुलामगिरी नव्हती, आमचा या भांडणाशी काय संबंध? संबंध असा. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असं ठरवलं. १९४६ नंतर दार किलकिलं झालं, पण वर्षाला शंभर भारतीय एवढंच. वंशाधारित कोटे मोडणारा कायदा झाला ३ ऑक्टोबर १९६५ ला, मताधिकार कायद्यानंतर दोन महिन्यांच्या आत, त्याच संसदेत, त्याच लाटेत. आपले इंजिनिअर आणि डॉक्टर त्या दारातून आत गेले. दार उघडण्यासाठी ज्यांनी मार खाल्ला त्यांची आठवण मुलांच्या पुस्तकात नको म्हणायला फार मोठं धाडस लागतं. आणि इकडे घरी बसलेल्यांनीही नाकाने कांदे सोलायचं कारण नाही. १९७८ मध्ये नामांतराच्या वेळी मराठवाड्यात ज्या गावांत दलितांची घरं जळली, त्यांपैकी किती गावांत त्याची एक पाटी आहे?

‘इतकं जुनं’ हा शब्द जे वापरतात त्यांच्यासाठी एक शेवटची नोंद. टिल प्रकरणात दुकानदाराच्या बायकोवर, कॅरोलिन ब्रायंट यांच्यावरही अटकेचं वॉरंट निघालं होतं, २९ ऑगस्ट १९५५ चं. दोन लहान मुलांच्या आईला त्रास नको म्हणून शेरीफने ते बजावलंच नाही. जून २०२२ मध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनवुड शहराच्या न्यायालयाच्या तळघरात एका खोक्यातल्या फायलीत ते सापडलं. टिलच्या नातेवाइकांनी ते आता तरी बजावा अशी मागणी केली. ऑगस्टमध्ये ग्रँड ज्युरीने आरोप ठेवायला नकार दिला, पुरावा पुरेसा नाही म्हणून. कायद्याने कदाचित तेच बरोबर असेल. कॅरोलिन ब्रायंट यांचा मृत्यू एप्रिल २०२३ मध्ये झाला, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. मेमी टिल २००३ मध्येच गेल्या होत्या.